पिवळं कार्ड आणि कपाळावरचं गोंदण

पोहे झाले, चहा झाला, पोरगी आत गेली. मग मध्यस्थाने टोपी सारखी केली आणि विचारलं, "कार्ड दाखवता का जी पोरीचं?"

ताईने कपाटातून, साडीच्या घडीखाली ठेवलेलं सिकलसेल तपासणीचं पिवळं कार्ड आणलं. मुलाच्या काकाने ते हातात घेतलं, वाचलं नाही. रंग पाहिला आणि शेजारच्याकडे दिलं. तिथून ते तिसऱ्याच्या हातात गेलं. मी मामा म्हणून बसलो होतो. पंचवीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवतो, त्यामुळे तोंड बंद ठेवणं जमलं नाही. म्हटलं, "आमच्या पोरीचं पाहिलं, आता पोराचंही दाखवा."

मध्यस्थ हसला. "पोराचं कायले पाह्यजे मामाजी? पोरगा तं धडधाकट आहे."

पोराची तपासणी झालीच नव्हती. त्याच्या घरात कोणाचीच झाली नव्हती. आठ दिवसांनी निरोप आला की पत्रिका जुळत नाही. पत्रिका तोवर कोणी मागितलीही नव्हती.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यातलं, सिंदेवाही-ब्रह्मपुरीकडचं. पलीकडे वैनगंगा, तिच्या पलीकडे गडचिरोली. या मुलखात सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशींचा आनुवंशिक आजार, हा शब्द आता मीठ-मिरचीइतका ओळखीचा आहे. "तिले शिकल निंगाली" एवढं एक वाक्य पाणवठ्यापासून बैठकीपर्यंत पोचायला एक दिवस पुरतो. पण ते वाक्य आजारी माणसाबद्दल आहे की फक्त वाहक असलेल्याबद्दल, हे विचारायला कोणी थांबत नाही. आमची भाची वाहक. रोवणीच्या दिवसांत सकाळी आठपासून बांधीत वाकलेली असते आणि संध्याकाळी घरी येऊन भाकरी थापते. तिला आजार नाही. तिच्या कार्डाच्या रंगाला मात्र नाव पडलं.

हा सगळा खटाटोप एका अक्षराचा आहे. अकराव्या गुणसूत्रावर एचबीबी नावाचा जनुक आहे. तसा छोटाच, ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला, सोळाशे अक्षरांच्या आसपास. बीटा ग्लोबिन नावाचं प्रथिन कसं ओवायचं, एवढंच तो सांगतो. ही 146 मण्यांची माळ, एकेक मणी म्हणजे एक अमिनो आम्ल. दोन बीटा आणि दोन अल्फा माळा एकत्र आल्या की हिमोग्लोबिनचा एक रेणू होतो. बीटाच्या माळेत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्ल असायला हवं. त्या जागेचा संकेत जीएजी. मधल्या 'ए'चा 'टी' झाला की तो जीटीजी होतो आणि ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येऊन बसतं. बाकीचे 145 मणी जसेच्या तसे. ग्लुटामिक आम्लाचं पाण्याशी जमतं, व्हॅलिन मात्र तेलकट स्वभावाचं. हिमोग्लोबिनने ऑक्सिजन उतरवून दिला की हा तेलकट मणी शेजारच्या रेणूच्या खाचेत घुसतो, त्या रेणूचा मणी आणखी पुढच्याच्या. बघता बघता आत दोरखंड वळले जातात आणि गोल, मऊ तांबडी पेशी ताठून वाकडी होते. इंग्रजी 'सिकल' म्हणजे आमच्याकडचा इळा, तुमच्याकडचा विळा. चांगली पेशी 120 दिवस टिकते, ही 10 ते 20 दिवसांत फुटते. फुटायच्या आधी बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. जिथे अडकते तिथला पुढचा भाग उपाशी राहतो, आणि जी कळ उठते तिला मराठीत पुरेसा शब्द नाही. आमच्याकडे "हाडं फुटतेत" म्हणतात.

एचबीबीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. दोन्हींत ते अक्षर बदललेलं असेल तर माणूस सिकलसेलग्रस्त, म्हणजे एसएस, लाल कार्ड. एकीतच असेल तर वाहक, म्हणजे एएस, पिवळं कार्ड. वाहकाच्या पेशीत चांगलं हिमोग्लोबिन पुरेसं असतं, म्हणून दोरखंड वळले जात नाहीत. फार क्वचितचे प्रसंग सोडले तर तो आयुष्यभर सुखाने नांदतो. उलट त्याला एक जुनी कवचकुंडलं मिळालेली आहेत. फॅल्सिपेरम हा मलेरियाचा घातक प्रकार वाहकाला सहसा जिवावर बेतेल इतका होत नाही. आफ्रिकेत अँथनी अ‍ॅलिसन यांनी हे 1954 मध्ये दाखवलं. आजही राज्यात मलेरिया सर्वांत जास्त कुठे, तर गडचिरोलीत. ज्यांच्या आज्या-पणज्या त्या जंगलातल्या तापातून वाचल्या, त्यांच्यातल्या अनेकींनी हे अक्षर अंगावर वागवलं. आज आपण त्याच अक्षरावरून त्यांच्या पणत्यांच्या सोयरिकी मोडतो आहोत.

आणखी एक गैरसमज इथेच निकालात काढतो. हा "आदिवासींचा आजार" नाही. भारतात पहिल्यांदा 1952 मध्ये निलगिरीतल्या आदिवासींत आणि आसामच्या चहामळ्यांवरच्या मजुरांत तो सापडला, आणि तो शिक्का तसाच राहिला. पण 1958 मध्येच मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद 'लॅन्सेट'मध्ये नागपूरहून गेली होती. विदर्भात तो गोंड, माडिया, कोलाम, कोरकू यांच्यात आहे, तसाच बौद्ध, कुणबी, तेली घरांतही आहे. जनुकाला जातीचा दाखला लागत नाही. मात्र जातीतल्या जातीत, त्यातही मामे-आते नात्यात लग्नं लागतात म्हणून एका अक्षराला आपल्याच दुसऱ्या प्रतीची गाठ पडायला सोपं जातं.

मी वर्गात हे चिंचोक्यांनी शिकवतो. अष्टचंग्याला आपण फोडलेले चिंचोके घेतो, एक बाजू पांढरी, एक काळपट. दोन चिंचोके म्हणजे आई-बाप, दोघेही वाहक. फेकायचे. दोन्ही पांढरे पडले तर ग्रस्त मूल. चारात एकदा. दोन्ही काळे पडले तर निरोगी, तेही चारात एकदा. एक-एक पडला तर वाहक, चारात दोनदा. पोरं भराभर फेकतात आणि कुणाचे तरी लागोपाठ तीनदा दोन्ही पांढरे पडतात. मग वर्ग गप्प होतो. कारण "चारातलं एक" याचा अर्थ "एक झालं, आता पुढची तीन चांगली" असा गावात लावला जातो. चिंचोक्याला मागचा डाव आठवत नाही. प्रत्येक गरोदरपण म्हणजे नवा डाव.

आता वाहक आणि निरोगी यांची जोडी घ्या. तिथे ग्रस्त मूल होतच नाही. म्हणजे आमच्या भाचीचं लग्न कुठल्याही निरोगी मुलाशी झालं असतं तर प्रश्नच नव्हता. प्रश्न उभा राहतो तो मुलगाही वाहक असेल तर, आणि त्याचं कार्ड तर कोणी काढलंच नव्हतं. तिने इमानदारीने तपासून घेतलं म्हणून ती नापास, त्याने तपासलं नाही म्हणून तो धडधाकट. तपासणीची ही अशी बक्षिसी असेल तर पुढच्या वर्षी ताई आपल्या धाकट्या पोरीला कॅम्पला पाठवेल का?

1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलला पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. चाळिशीपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट. त्याआधीपासून महाराष्ट्राचा स्वतःचा नियंत्रण कार्यक्रम होताच. यातलं पहिलं काम, तपासणीचं, मला मनापासून मान्य आहे. अडतं ते 'निर्मूलन' या शब्दापाशी, आणि त्या शब्दामुळे खाली गावात जे घडतं त्यापाशी. वर निर्मूलन म्हटलं की खाली त्याचा अर्थ होतो, कार्ड जुळवा. भिंतीवर लिहायला ते सोपं आहे. पत्रिका नको, कार्ड पाहा.

हिशोब करून पाहू. हजार लोकांचं गाव, त्यात 200 वाहक. हे धरलेले आकडे आहेत. पाचशे जोडपी. कार्डं न पाहता लग्नं लागली तर सरासरी 20 जोडप्यांत दोघेही वाहक निघतील. प्रत्येकी दोन मुलं धरली तर त्यांची 40 मुलं, त्यातली 10 ग्रस्त. कार्डं काटेकोर जुळवली तर ही 10 मुलं आजारी जन्मणार नाहीत. ही लहान गोष्ट नाही. ज्याने असं एक मूल रात्रभर कण्हताना पाहिलंय तो तिला लहान म्हणणार नाही.

पण पुढच्या पिढीत वाहक किती? दोनशे वाहक दोनशे निरोगी माणसांशी लग्न करतील, त्यांची चारशे मुलं, त्यातली निम्मी वाहक. म्हणजे पुन्हा 200. त्यापुढच्या पिढीतही 200. कार्ड जुळवल्याने जनुक एका कणाने कमी होत नाही. निसर्ग क्रूरपणे त्यातला थोडा भाग दर पिढीत काढून टाकत होता, तेही थांबतं. मग 2047 ला आपण काय निर्मूल केलेलं असेल? कार्ड पाहणं सोडलं की पुढच्याच पिढीत दहा मुलं परत. ज्याला आपण निर्मूलन म्हणतो आहोत, तो खरं तर प्रत्येक पिढीतल्या प्रत्येक वाहकाने न चुकता फेडायचा हप्ता आहे. हे त्याला स्पष्ट सांगा, त्याचा मान ठेवून सांगा. "तुमचा जनुक संपवायचाय" हे ऐकणारा माणूस वेगळं ऐकतो. त्याला वाटतं, आपल्यालाच संपवायचंय.

माझ्या म्हणण्यात अतिशयोक्ती वाटत असेल तर लायनस पॉलिंगकडे पाहा. सिकलसेल हा रेणूचा आजार आहे हे 1949 मध्ये दाखवणारा हाच माणूस. पुढे रसायनशास्त्राचं आणि शांततेचंही नोबेल. एवढा मोठा, एवढा माणुसकीचा शास्त्रज्ञ. त्याने 1968 मध्ये लिहिलं की वाहक तरुण-तरुणींच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडायच्या आधीच सावध होतील. आमच्या भागात म्हाताऱ्या बायांच्या कपाळावर, हनुवटीवर, पोटऱ्यांवर गोंदण असतं. मेल्यावर सगळं इथेच राहतं, फक्त गोंदण सोबत येतं, असं माझी आजी म्हणायची. तिला पॉलिंगची सूचना कळली असती तर ती काय म्हणाली असती, याचा विचार मी कधीकधी करतो. बहुतेक हसली असती, आणि मग शिवी दिली असती.

आपण कपाळावर गोंदत नाही, कार्ड देतो, हे खरं. पण ते पाहुण्यांपुढे पोह्यांच्या ताटलीबरोबर फिरवलं गेलं की फरक किती उरतो?

बरं, हा प्रयोग जगात करून झालेला आहे. ग्रीसमध्ये ऑर्कोमेनोस नावाच्या गावाच्या परिसरात 1960 च्या दशकात सिकलसेलची तपासणी झाली. तिथेही लग्नं घरच्यांनी ठरवायची पद्धत, म्हणजे आपल्यासारखंच. लोकांना नीट समजावलं, वाहकांनी वाहकांशी लग्न करू नये म्हणून सल्ला दिला. काही वर्षांनी तपासणारे परत गेले तेव्हा दिसलं की वाहक-वाहक लग्नं योगायोगाने जितकी झाली असती तितकीच झालीत. लोकांनी आपला निकाल लपवला होता. वाहक असल्याचा डाग लागला तेवढा राहिला. अमेरिकेत 1970 च्या दशकात अनेक राज्यांनी कृष्णवर्णीयांसाठी तपासणी सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक न कळल्यामुळे निरोगी माणसांना विमा महाग पडला, नोकऱ्या नाकारल्या गेल्या. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे वाहकांना 1981 पर्यंत बंद होते.

सायप्रसचं उदाहरण माझ्याविरुद्ध दिलं जातं, आणि ते द्यायलाच हवं. तिथे थॅलेसेमिया होता. जनुक हाच एचबीबी, बिघाड वेगळा. 1983 पासून चर्चने लग्नाआधी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली आणि आजारी मुलं जन्मणं जवळपास थांबलं. मात्र ते लग्नं मोडून थांबलं नाही. दोघेही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न केलंच. त्यांना गरोदरपणात गर्भाची तपासणी मिळाली, आणि पुढचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. दाखला सगळ्यांना लागत होता, नवऱ्यालाही. आपण सायप्रसचा दाखला तेवढा उचलला, त्यामागची प्रयोगशाळा तिथेच सोडून आलो.

गर्भतपासणीचं आपल्याकडे विचित्र झालंय. "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी इतकी वर्षं वाचून लोकांना वाटतं, पोटातल्या बाळाची कुठलीही तपासणी म्हणजे गुन्हा. 1994 च्या त्याच कायद्यात हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांसाठी गर्भाची तपासणी करायला स्पष्ट परवानगी आहे. हे मी आमच्या गावातल्या दोन नवराबायकोंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. आणि कायद्याने मोकळीक असून करायचं काय? दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून वार (प्लॅसेंटा) तपासता येते, त्यासाठी नागपूर गाठायचं, तेही आपण दोघं वाहक आहोत हे तोवर कळलेलं असेल तर. आमच्याकडे बाईचं नावच कित्येकदा तिसऱ्या महिन्यानंतर नोंदवलं जातं. निर्णय कोणता घ्यायचा हे मी सांगणार नाही. लाल कार्डवाला माझा एक माजी विद्यार्थी म्हणतो, "सर, माह्या आईनं तपासलं असतं तं मी नसतो." त्याला उत्तर माझ्याकडे नाही. पण निर्णय घ्यायचा की नाही, हे तरी त्या जोडप्याच्या हाती असावं.

आता याच विद्यार्थ्याबद्दल, कारण माझा खरा राग इथे आहे.

तो पाचवीत असताना पहिल्यांदा वर्गात रडला. थंडीचे दिवस. पाय धरून बसला होता. व्यायामाच्या तासाला मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या होत्या, आणि लावणारे आम्हीच होतो, कोणी बाहेरचा नव्हता. थंडी, दमछाक, अंगातलं पाणी कमी होणं, ताप, ही सगळी ते दोरखंड वळायला निमित्तं. आम्हाला माहीत नव्हतं. "नाटकं करते" असं आमच्याच खोलीत कोणी म्हणालं, आणि मी प्रतिवाद केला नाही. त्याचे डोळे पिवळे दिसायचे, म्हणून घरच्यांनी काविळीचा झाडपाला पाजला. दवाखान्यात "अंगात रक्त नाही" म्हणून लोहाच्या गोळ्या महिनोन्महिने दिल्या. याच्या पेशी रोज फुटून त्यातलं लोह शरीरातच साठत असताना! सातवीत निदान झालं. नववीत तो लंगडायला लागला. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरलं नाही, तो झिजला. आज पंचविशीत आहे, मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो, उंच स्टुलावर बसून, कारण खाली बसता येत नाही.

त्याच्या बाबतीत काहीच करण्यासारखं नव्हतं का? खूप होतं, आणि त्यातलं फारसं काही महागडं नव्हतं. जन्मल्यावर टाचेतलं थेंबभर रक्त तपासलं असतं तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं. पहिले पाच-सहा महिने बाळाला त्रास नसतो, कारण पोटातलं हिमोग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिन-एफ, अजून रक्तात असतं आणि ते दोरखंड वळू देत नाही. ते ओसरलं की बोटं सुजतात, पाय सुजतात, पांथरी बिघडते आणि न्यूमोकॉकससारखे जंतू दोन दिवसांत मूल नेतात. अशा मुलांना रोज पेनिसिलिन दिलं तर हे गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी कमी होतात, हे 1986 सालीच अमेरिकेतल्या चाचणीत सिद्ध झालं. पेनिसिलिन! आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याला सांगितलं तरी आणून देईल अशी गोष्ट.

दुसरं औषध हायड्रॉक्सियुरिया. ते हिमोग्लोबिन-एफ पुन्हा वाढवतं. कळा कमी होतात, रक्त चढवायची वेळ कमी येते. अमेरिकेत मोठ्यांसाठी त्याला 1998 मध्ये मान्यता मिळाली. काही रुपयांची कॅप्सूल आहे. पण ती 500 मिलिग्रॅमची, आणि मूल बारा किलोचं. मग आई ती कॅप्सूल फोडून वाटीतल्या पाण्यात ढवळते आणि अंदाजाने पाजते. मधूनमधून पेशी मोजाव्या लागतात, त्यासाठी एसटीने तालुक्याला जावं लागतं. एसटीत लाल कार्डाला सवलत आहे, ती चांगलीच गोष्ट. पण मजुरी बुडते तिला सवलत नाही. एकदा माझ्या त्या विद्यार्थ्याच्या आईला कुठल्याशा दुकानात कोणी सांगितलं, "अवं बाई, हे तं कॅन्सरचं औषध होय." खोटं नव्हतं, ते कॅन्सरसाठीही वापरतात. तिने त्या दिवसापासून गोळी बंद केली. दोन महिन्यांनी त्याला छातीत दुखून दाखल करावं लागलं. पाच मिनिटं बसवून कोणी समजावलं असतं तर हे टळलं असतं. ते काम करायचं असतं समुपदेशकाने, आणि आपल्याकडे समुपदेशकाला सगळ्यात आधी विचारतात, "तपासण्या किती झाल्या?"

डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेने सिकलसेलवरच्या पहिल्या जनुक-संपादन उपचाराला मान्यता दिली. कॅसजेव्ही. माणसाच्या रक्त बनवणाऱ्या मूळ पेशी बाहेर काढायच्या, हिमोग्लोबिन-एफ बंद करणारं बीसीएल11ए नावाचं बटण नाकाम करायचं आणि पेशी परत सोडायच्या. किंमत 22 लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने 18 कोटी रुपयांच्या वर. दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकविज्ञान संस्थेत 'बिरसा 101' नावाने देशी उपचारावर काम चाललं आहे, आणि ते स्वस्तात व्हावं असं मलाही फार वाटतं. पण गंमत पाहा. 18 कोटींचा उपचार आणि काही रुपयांची कॅप्सूल, दोघांचा डाव एकच आहे, हिमोग्लोबिन-एफ परत आणायचं. कॅप्सूलने ते थोडं येतं, पण येतं. ती कॅप्सूल आमच्या उपकेंद्रात दर महिन्याला पोचत नाही, आणि आम्ही मात्र पोरींची कार्डं जुळवत बसलोय. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

आमच्याकडच्या आरोग्यसेविका याला उत्तर देतात, आणि त्यांच्या उत्तरात दम आहे. एक सिस्टर मला म्हणाल्या, "सर, तुमचं पुस्तकातलं बरोबर आहे. पण मी दहा गावं पाहते. लाल कार्डवाल्या घरी मीच जाते. ते मूल जन्मालाच येऊ नये म्हणून मी कार्ड जुळवायला सांगते, माझं काय चुकलं?" काही चुकलं नाही. माझं भांडण सल्ल्याशी नाही. सल्ला कोणाला, कुठे, कोणासमोर दिला जातो, याच्याशी आहे.

आमच्याच शाळेत कॅम्प झाला होता. बोटाला टोचून थेंब काढायचा, नळीतल्या द्रावणात सोडायचा, नळी काळ्या रेघा मारलेल्या कागदापुढे धरायची. रेघा दिसल्या तर निरोगी, द्रावण गढूळ होऊन रेघा पुसल्या तर सिकलचा संशय. पोरं रांगेत, प्रत्येकजण दुसऱ्याच्या नळीकडे डोळे लावून. "तुह्या रेघा दिसल्या का बे?" ही नळी वाहक आणि ग्रस्त यांत फरक करू शकत नाही, त्यासाठी रक्त पुढे प्रयोगशाळेत जातं. पण पोरांना निकाल तिथेच लागला होता. नंतर यादी आली तेव्हा ती परिपाठाच्या वेळी मोठ्याने वाचली गेली. वाचणारा मीच होतो. मला वाटलं होतं, मी जनजागृती करतोय.

त्या यादीत अकरा मुली आणि नऊ मुलगे होते. पुढच्या सात-आठ वर्षांत "कार्डामुळे" सोयरीक अडल्याच्या ज्या गोष्टी माझ्या कानावर आल्या, त्या सगळ्या मुलींच्या. मुलग्यांची कार्डं हरवली.

म्हणून मला वाटतं ते असं. निकाल बंद पाकिटात आणि एकट्याला मिळावा, वयात आल्यावर त्यालाच किंवा तिलाच. सोयरिकीत कार्ड मागायचंच असेल तर आधी मुलाकडचं टेबलावर यावं. हा नियम सरकारने करायची गरज नाही, जातपंचायती आणि समाजाचे मेळावे तो उद्या करू शकतात. सामूहिक विवाहात आहेर मोजणाऱ्यांना एवढं जमू नये? दोघेही वाहक निघाले आणि तरी लग्न करायचं असेल तर त्यांना अडवू नये. नागपूरची वाट दाखवावी, गाडीभाडं द्यावं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने 21 प्रकारांत सिकलसेल घेतला, पण नोकरीतल्या राखीव 4 टक्क्यांत रक्ताचे आजार नाहीत. म्हणजे प्रमाणपत्र आहे आणि नोकरी नाही. स्टुलावर बसून मोबाइल उघडणाऱ्या माझ्या विद्यार्थ्याने ते प्रमाणपत्र लॅमिनेट करून भिंतीवर लावलंय.

एक गोष्ट सांगायची राहिली. माझंही कार्ड पिवळं आहे. लग्न झालं तेव्हा तपासणी हा शब्दच आमच्याकडे नव्हता. बायको पहिल्यांदा गरोदर असताना तिची आणि मग माझी तपासणी झाली. तिचं निरोगी आलं. तो निकाल येईपर्यंतचे नऊ दिवस मी शाळेत काय शिकवलं ते मला आठवत नाही. माझ्या दोन मुलांपैकी थोरला वाहक आहे. त्याच्या सोयरिकीची बोलणी सुरू होतील तेव्हा त्याचं कार्ड कोणी मागणार नाही, हे मला ठाऊक आहे. मी ते स्वतःहून काढून ठेवणार आहे. बायकोचं यावर अजून एकमत नाही.

गेल्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत मी दोन प्रश्न मांडले. आपल्या गावात लाल कार्ड किती, नावं नकोत, फक्त आकडा. आणि त्यातल्या कितीजणांना मागच्या महिन्यात गोळ्या मिळाल्या? ग्रामसेवकांनी आशाताईंना विचारून पहिल्यापुढे 7 लिहिलं. दुसऱ्यापुढे थोडी जागा सोडली. पुढच्या सभेत मी ते रजिस्टर उघडायला लावलं. दुसऱ्यापुढे 2 लिहिलं होतं, पेन्सिलने.